पेपरात आलं म्हणून?

संगीतकार सी. रामचंद्रांच्या विकिपीडियावरच्या लेखात जन्मगाव नाशिक करा, पेपरात आलंय, असं वर चर्चेत एकाने म्हटलंय. नको हो! अण्णा (म्हणजे रामचंद्रच) पुणतांब्याचे, जन्म १९१८. गोदावरी तीच, पण गाव बरंच खाली.

आधी त्या पेपरची तारीख बघा, मग लेखाच्या ‘इतिहास’मध्ये, म्हणजे जुन्या बदलांच्या यादीत, ‘नाशिक’ पूर्वी कधी घुसलं होतं ते. पेपर नंतरचा असेल तर त्याने इथूनच उचललेलं असणार. त्याचाच दाखला आपण देणार म्हणजे स्वतःच स्वतःला साक्षीदार.

त्यांचं आत्मचरित्र आहे, ‘माझ्या जीवनाची सरगम’. जन्मगावाच्या दाखल्यासाठी ते चालेल, त्यांच्या मोठेपणाच्या दाखल्यासाठी नाही. रविवारी सावानात (नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात) जातोय, तिथे मिळालं तर पान क्रमांक टाकतो. आणि गायक ‘चितळकर’ म्हणजे हेच, वेगळा लेख काढू नका.