जुन्या बाजारात जिस्ट कार्ड मिळेल का?

नारायणपेठी
वडिलांचा नारायण पेठेत छापखाना होता. नव्वदीच्या दशकात तिथल्या ४८६ कॉम्प्युटरवर, विंडोजच्या आधीच्या डॉसमध्ये गिऱ्हाइकांची यादी, बिलं सगळं मराठीत चालायचं. स्क्रीनवर मराठी दिसावं म्हणून सी-डॅक या सरकारी संस्थेचं जिस्ट कार्ड होतं आत. मशीन केव्हाच भंगारात गेलं, फ्लॉप्या राहिल्या. तसंच मशीन पुन्हा उभं करायचंय. अशी जुनी कार्डं बसतात तो आयएसए स्लॉटवाला मदरबोर्ड मित्र देतोय, कार्डावर अडलंय. मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात जाऊन काही उपयोग? की इलेक्ट्रॉनिक्सवाली तपकीर गल्ली?

बिटबायट
मजकूरच वाचायचा असेल तर कार्ड कशाला? डेटा इस्कीमध्ये, म्हणजे भारतीय लिप्यांच्या जुन्या कोडमध्ये असणार, आणि युनिकोडचा देवनागरी तक्ता इस्कीवरूनच बेतलाय. रूपांतर होतं. आधी फ्लॉप्यांच्या इमेज, म्हणजे जशाच्या तशा प्रती काढा. सव्वापाच इंची असतील तर मात्र यूएसबी फ्लॉपी ड्राइव्हचा उपयोग नाही.

सोल्डरकाका
तपकीर गल्लीत फ्लक्स, वायर, सुटे पार्ट घ्या. कार्ड तिथे शोधू नका.

जुना बाजार रविवारी आणि बुधवारी. रविवारी सकाळी लवकर या, उन्हं चढली की बघ्यांचीच गर्दी. आणि कृपा करून 'जिस्ट कार्ड आहे का' असं विचारत फिरू नका. विकणाऱ्याला ते ठाऊक नसतं, पण तुमचा चेहरा त्याला बरोबर वाचता येतो! 'जुन्या कॉम्प्युटरचा माल आहे का' एवढंच म्हणा.

सुट्या कार्डांच्या ढिगात फार आशा नाही. बोर्डांच्या कडेच्या सोनेरी पट्टीसाठी तो माल किलोवर उचलला जातो. पट्टी कापलेली दिसली तर कार्ड खाली ठेवा, ते मेलं. खरी शक्यता न उघडलेल्या कॅबिनेटमध्ये. छापखाने, सरकारी कचेऱ्या, जिथे मराठीत काम चालायचं तिथला डबा मिळाला तर पाठीमागून बघा: कुठली कार्डं बसलीयत ते त्यांच्या मागच्या धातूच्या पट्ट्यांवरून कळतं. सील काढू दिलं तर आत डोकवा, सी-डॅकचं नाव शोधा. डबा घेतलात तर हार्डडिस्कसकट घ्या. कार्डाचं सॉफ्टवेअर त्यातच सापडलं तर सापडलं, वेगळं कुठून आणणार?

तिथे कुणी 'चालू करून दाखवतो' म्हणालं तर नको म्हणा. इतकी वर्षं पडलेला एसएमपीएस, म्हणजे पॉवर सप्लाय, थेट बोर्डाला जोडायचा नसतो. आधी सुटा तपासायचा.

मित्राच्या बोर्डवर निळी पिंपासारखी बॅटरी आहे का? ४८६च्या काळातली ती ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियम. फुटून हिरवट खार चढला असेल तर बॅटरी कापून काढा, व्हिनेगरचा बोळा फिरवा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. कीबोर्डचं सॉकेट तिच्याजवळच असतं, पहिला बळी तेच जातं.

नारायणपेठी
@बिटबायट, साडेतीन इंची आहेत, इमेज काढून झाल्यात. मजकूर वाचायचा प्रश्न नाही हो, बाबांना तोच काळा स्क्रीन दाखवायचाय. काका, बॅटरी आहे आणि हिरवी झालीय. येत्या रविवारी तुम्ही असाल का तिकडे?

सोल्डरकाका
असतो. आठ वाजता या. भाव मी करीन, तुम्ही फक्त कंटाळल्यासारखं उभं राहा. स्टार आणि चपटा दोन्ही स्क्रू-ड्रायव्हर आणा, टॉर्चही. आणि तोवर तो मदरबोर्ड चालू करून बघू नका.