एसी १२८ च्या जागी बीसी ५४७: फ्लॅशर लुकलुकत नाही

तारेवरची_कसरत: लहानपणीच्या स्प्रिंगवाल्या (स्प्रिंगमध्ये तारा अडकवून सर्किट जोडायच्या) किटची पाटी शाबूत आहे. पुतणीसाठी त्यावर दोन दिव्यांचा फ्लॅशर, म्हणजे आलटून-पालटून लुकलुकणारं सर्किट, जोडलाय. पुस्तिकेत एसी १२८ या जुन्या ट्रान्झिस्टरची जोडी आणि ६ व्होल्टचे बल्ब आहेत. मी त्याऐवजी बीसी ५४७ ट्रान्झिस्टर आणि एलईडी घेतले, प्रत्येक एलईडीला ४७० ओहमचा रोधक लावला. प्रत्येक ट्रान्झिस्टरच्या बेसला (प्रवाह चालू-बंद करणाऱ्या पायाला) ४७ के, म्हणजे ४७ किलोओहमचा रोधक, किटमधलेच १० मायक्रोफॅरडचे कपॅसिटर, चार पेन्सिल सेल. एसी १२८ पीएनपी आणि बीसी ५४७ एनपीएन, म्हणजे अधिक-उणे उलट, म्हणून बॅटरी उलटी केली. तरी दोन्ही एलईडी सतत पेटलेले. ट्रान्झिस्टर उडाले का?

जुना_सोल्डर: नाही हो, दोन्ही पेटतायत म्हणजे ट्रान्झिस्टर बहुधा ठणठणीत आहेत. बॅटरी उलटी केलीत, पण कपॅसिटर? एनपीएनमध्ये कपॅसिटरचं अधिक टोक एका ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरकडे (एलईडीकडच्या पायाकडे), उणे समोरच्याच्या बेसकडे. पुस्तिकेप्रमाणे ठेवले असतील तर उलटे बसलेत. उलटा बसवलेला इलेक्ट्रोलिटिक (अधिक-उणे टोकं असलेला) कपॅसिटर गळतो, म्हणजे त्यातून वीज झिरपते, त्या गळतीतून बेसला प्रवाह मिळत राहतो आणि ट्रान्झिस्टर बंदच होत नाही. तसेही इतके जुने कपॅसिटर सुकलेले असतात. नवे १० मायक्रो, २५ व्होल्टचे घ्या; मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत चिल्लर भावात मिळतात.

ओहमकार: आधी अंधारात पाटी झटकन हलवून बघा. प्रकाशाची रेघ तुटक दिसली तर सर्किट चालू आहे, फक्त वेग जास्त आहे. म्हणजे कपॅसिटरची क्षमता गेली. रेघ सलग असेल तर एका बेसला क्षणभर उणेला टेकवून सोडा. सोडल्यावर लुकलुकायला लागलं तर दोन्ही ट्रान्झिस्टर एकदम चालू होऊन सुरुवातच अडली होती. पुन्हा दोन्ही पेटले तर दोष कपॅसिटरचा नाहीतर स्प्रिंगचा. गंजलेली स्प्रिंग पॉलिश पेपरने घासा, तार सेंटीमीटरभर सोला. वेटोळ्यात तारेचं प्लॅस्टिक अडकलं की वरून जोडणी पक्की दिसते, आत संपर्क शून्य.

तारेवरची_कसरत: रेघ सलग होती. कपॅसिटर खरंच उलटे होते! नवे सुलटे लावले, चाललं. पण वेग फार आहे, पुतणीला मोजता येत नाही.

ओहमकार: पूर्ण फेरी म्हणजे ०.६९ गुणिले दोन्ही बाजूंच्या आर-सीची (बेसचा रोधक गुणिले कपॅसिटर) बेरीज; तुमची ०.६५ सेकंद. २२ मायक्रो लावलेत तर साधारण १.४ सेकंद होईल. ४७ के वाढवत बसू नका, बेसचा प्रवाह घटून एलईडी मंद होईल.

जुना_सोल्डर: आणि ९ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीचा मोह नको. दर फेरीत बेसचा व्होल्टेज बॅटरीच्या उणेच्याही खाली ढकलला जातो आणि बीसी ५४७ चा बेस-एमिटर जोड (एमिटर म्हणजे उणेला जोडलेला पाय) उलटे ६ व्होल्टच सोसतो. चार सेलचे ६ व्होल्टच बरे.