पुण्यात प्रमोशन की कोल्हापूरला घर?

हिंजवडीग्रस्त:
मंडळी सल्ला पाहिजे. हिंजवडीत 11 वर्षं काढली, आता मॅनेजर करतायत पण 5 दिवस ऑफिस कंपल्सरी. दुसरी ऑफर फुल रिमोट, पगार 30 टक्के कमी, पण कोल्हापूरला घरी राहता येईल. कोथरूडवरनं रोज जाऊन-येऊन तीन तास जातात, पोरगी झोपल्यावरच घरी पोचतो. बायको म्हणते चल, बाबा म्हणतात प्रमोशन सोडून येतोस होय रे?

रंकाळ्याकाठी:
या की भावा! मी 2021 ला आलो आणि जुलैत लगेच पूर, शिरोलीजवळ हायवे बंद, लाईट गेली, कसलं रिमोट न काय. म्हणून घर पूररेषेच्या बाहेर आहे का ते आधी बघा. बाकी सहाला लॅपटॉप मिटला की सव्वासहाला रंकाळ्यावर, यात सगळं आलं.

शंकेखोर:
ही नोकरी गेली तर तिथे दुसरी कुठली? फौंड्री आहेत, साखर कारखाने आहेत, आयटी मोजकंच. आणि उद्या कंपनीने परत ऑफिसला बोलावलं तर? रिमोट आहे हे ऑफर लेटरमध्ये लिहून घ्या, एचआरच्या तोंडी गोडव्यावर जाऊ नका (मी गेलो होतो).

हिंजवडीग्रस्त:
लेटरचं आजच विचारतो. घर कसबा बावड्यात आहे, 2019 ला गल्लीच्या तोंडापर्यंत पाणी आलेलं. इन्व्हर्टर वरच्या मजल्यावर बसवावा लागणार बहुतेक.