घड्याळ न मानवणाऱ्यांनी कामाची शिस्त कशी लावावी? (वाचकांची चर्चा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं काम आणि गाव)

भाषांतर-टेबल, शहापूर

पहाटे ५ ला उठणं, ६ ते ८ अवघड काम, ८ ते ९ पत्रव्यवहार, असा तक्ता भिंतीवर लावला की तो बहुतेकांचा चौथ्या-पाचव्या दिवशी मोडतो. मग माणूस स्वतःला आळशी ठरवतो आणि आणखी कडक तक्ता आखतो. तोही मोडतो. घरून किंवा नगावर काम करणाऱ्यांनी हा खेळ बंद करावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

तक्ता मोडण्याचं कारण साधं आहे. त्यातला प्रत्येक तास पुढच्या तासाला बांधलेला असतो. पहिलं काम ४० मिनिटं लांबलं की पुढची सगळी कामं घसरतात, आणि दुपारी १२ लाच 'आजचा दिवस गेला' असं वाटून उरलेला दिवसही सोडून दिला जातो. पहिलं काम लांबतं तेसुद्धा ठरल्यासारखंच. आपल्या कामाला किती वेळ लागेल याचा अंदाज माणूस बहुधा कमीच धरतो, हे मानसशास्त्रज्ञ कानेमान आणि ट्वर्स्की यांनी १९७९ मध्येच मांडलंय.

शेतकरी पेरणी घड्याळ बघून करत नाही, वाफसा (मातीतली पेरणीजोगी ओल) बघून करतो. मोकळ्या स्वभावाच्या माणसानं कामाचा वाफसा ओळखायला शिकावं. त्याची रीत अशी:

यादी वेळेप्रमाणे लिहू नका, काम करताना डोकं कसं हवं त्याप्रमाणे लिहा. तीन कागद पुरतात. एकावर ताज्या डोक्याची कामं (मसुदा, हिशेब जुळवणं), दुसऱ्यावर शिणलेल्या डोक्यानं होणारी (नकला काढणं, फाईल लावणं) आणि तिसऱ्यावर बाहेर पडल्यावरची (बँक, झेरॉक्स, तहसीलदार कार्यालय). प्रत्येक ओळ ४० मिनिटांत संपेल एवढीच. 'खरेदीखताचं भाषांतर' अशी ओळ नको, 'खरेदीखताची पहिली २ पानं कन्नडमधून मराठीत' अशी हवी. मोठी ओळ दिसली की हात मागे येतो.

हातात एका वेळी तीनच कामं. चौथं घ्यायचं असेल तर एक संपवा किंवा लेखी परत यादीत टाका. टोयोटाच्या कारखान्यातल्या कानबान पद्धतीचं मर्म हेच आहे.

दिवसाचं वेळापत्रक सोडा, आठवड्याची मोजणी धरा. ५० मिनिटं सलग काम म्हणजे एक खेप. पहिले दोन आठवडे काहीही न ठरवता फक्त खेपा मोजा. सरासरी ११ आली तर पुढचं उद्दिष्ट १२ ठेवा, २० नको. एका दिवसात ५ च्या वर जायचं नाही, कारण सहावी-सातवी खेप दुसऱ्या दिवसाच्या कामातूनच वजा होते. आणि बुधवारी रात्रीपर्यंत निम्म्या खेपा झाल्या पाहिजेत.

फौंड्री प्लॅनिंग, उद्यमबाग

मला हे पटत नाही, आणि का ते सांगतो.

एसजी आयर्नच्या (गोळ्यांसारख्या ग्राफाइटच्या ओतीव लोखंडाच्या) रसात मॅग्नेशियम घातलं की ते मिनिटागणिक कमी होत जातं. साधारण दहा मिनिटांत रस साच्यात गेला नाही तर ग्राफाइटचे गोळे नीट बनत नाहीत आणि कास्टिंग भंगारात जातं. म्हणजे साचे बंद झालेले हवेत, कोअर (पोकळी राखणारे वाळूचे गाभे) बसलेले हवेत, लॅडल (रस ओतायचं भांडं) तापलेलं हवं, ओतणारा जागेवर हवा, आणि हे सगळं आधी. तिथं कुणी 'माझा वाफसा आला नाही' म्हणू शकत नाही. कोअर शॉपमधला माणूस मोकळ्या स्वभावाचा असला तरी त्याच्या पुढे मोल्डिंगवाला थांबलेला असतो. तुमची पद्धत एकट्यानं काम करणाऱ्यांपुरती आहे, तसं स्पष्ट लिहायला हवं होतं.

दुसरा मुद्दा स्वभावाचा. चार अक्षरांची ती एमबीटीआय नावाची स्वभाव-चाचणी देऊन 'मी अमुक टाइपचा, मला शिस्त जमत नाही' असं सांगणारे हल्ली खूप भेटतात. त्या चाचणीचं मूळ मानसशास्त्रज्ञ युंगच्या १९२१ च्या मांडणीत आहे, आणि पुढे ती कॅथरिन ब्रिग्ज आणि इसाबेल मायर्स या मायलेकींनी बनवली. अडचण अशी की ती सलग मोजपट्टी मधोमध कापते. बहुसंख्य माणसं मधल्या पट्ट्यातच असतात, म्हणून महिन्याभरानं तीच चाचणी दिली तर अनेकांचं एखादं अक्षर बदलतं. आज ज्या पाच-घटकी मोजणीवर संशोधक जास्त भर देतात, तिच्यात नेटकेपणा हा कमी-अधिक असणारा गुण आहे, दोन कप्पे नाहीत. कमी असला तरी तो शून्य नसतो, आणि कामाच्या जागेप्रमाणे तोच माणूस नेटका किंवा ढिला वागतो. घरी ढिला असणारा फर्नेसवर ढिला नसतो. मग स्वभावाला एवढं मोठं स्थान का द्यायचं?

ब्लाऊज-फॉल-पिको, वडगाव

दादा, फर्नेसचं खरं आहे. पण घरात शिवणकाम करणाऱ्या बाईला ६ ते ८ असा तुकडा मिळतच नाही. नळाला पाणी येईल तेव्हा भरायचं, लाईट जाईल तेव्हा थांबायचं, दारात गिऱ्हाईक उभं असतं. तिथं स्वभाव कसाही असो, घड्याळ चालत नाही.

माझ्या मते काम गिऱ्हाईकावार करण्याऐवजी कृतीवार करावं. सहा ब्लाऊजचा एक गठ्ठा धरायचा. सहाही कापड आणि अस्तर आधी पाण्यातून काढून वाळवून इस्त्री. मग सहाही कापून घ्यायचे, कारण कटिंगला डोकं शांत लागतं आणि तिथली चूक सुधारत नाही. शिलाई मधल्या वेळात. हुक-काज, हातशिलाई आणि फॉल लावणं हे कधीही, बोलत बसूनसुद्धा होतं. ज्याला मध्ये उठावं लागतं त्यानं उठण्याआधी पुढचा टाका कुठला ते चिठ्ठीवर लिहून सुईखाली ठेवावं. 'डावी बाही जोडली, उजवी राहिली' एवढंच. नाहीतर परत बसल्यावर दहा मिनिटं आठवण्यातच जातात.

गठ्ठ्यात चुकतं ते एका ठिकाणी. कापलेले तुकडे मिसळतात, एकीची बाही दुसरीला लागते. कापल्या कापल्या प्रत्येकीचे तुकडे गुंडाळून, मापाची चिठ्ठी टाचून बांधायचे. आणि सगळ्यांना एकच तारीख द्यायची नाही. एका दिवसाला चारच ब्लाऊज द्यायचे ठरवायचं, गणपती आणि दिवाळीच्या १० दिवस आधी ऑर्डर बंद. ही शिस्तच आहे, फक्त ती तासांची नाही.

स्पर्धा परीक्षा मार्गदर्शन, चिकोडी

आठवड्याच्या मोजणीला माझा विरोध आहे. २००२ मध्ये डॅन एरिएली आणि क्लाऊस वेर्टेनब्रोख यांनी मुदतींवर प्रयोग केले. मुद्रितं तपासायला दिलेल्यांपैकी ज्यांना बाहेरून समान अंतरावर मुदती घालून दिल्या त्यांचं काम सर्वांत चांगलं झालं, स्वतः मुदत ठरवणाऱ्यांचं मधलं, आणि फक्त शेवटची एकच तारीख असणाऱ्यांचं सर्वांत वाईट. तुमचा आठवडा म्हणजे ती शेवटची एकच तारीख. खेपा शनिवार-रविवारीच गोळा होणार.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे काही कामांत अंतर हाच कामाचा भाग असतो. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला केपीएससीसाठी (कर्नाटक लोकसेवा आयोगाच्या परीक्षेसाठी) कन्नडचा सक्तीचा पेपर काढायचा असतो. रोज १५ शब्द आणि रविवारी एकदम १०५ शब्द, बेरीज सारखीच. पण विसरण्याचा वेग सुरुवातीला सर्वांत जास्त असतो, हे एबिंगहाउसनं १८८५ मध्ये मोजून दाखवलं. शब्द दुसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी आणि आठवड्यानं परत समोर यावे लागतात. एका रविवारी सगळ्या खेपा मारून हे होत नाही. ज्या मुलांना शिस्त मानवत नाही त्यांनाच मोकळीक दिली तर नुकसान त्यांचंच आहे, आणि हे बोलताना मला खरोखर काळजी वाटते, कारण वय निघून जातं.

भाषांतर-टेबल, शहापूर

सर, बुधवार रात्रीची अट त्याचसाठी होती, पण ती स्वतःच स्वतःला घातलेली आहे, हा तुमचा आक्षेप बरोबर. ती दुसऱ्या माणसाला बांधायला हवी. बुधवारी रात्री एकाला फक्त आकडा कळवायचा, '६ झाल्या' किंवा '३ झाल्या'. कारणं कळवायची नाहीत. कारणं सुरू झाली की तो माणूस समजूत घालायला लागतो आणि मुदतीचा दाब जातो.

फौंड्रीवाल्या दादांचा स्वभावाबद्दलचा मुद्दाही मान्य. कप्पा म्हणून स्वभाव सांगू नये. पण मोजपट्टीवर खाली असलेल्या माणसाला वर असलेल्याचा तक्ता देऊन उपयोग नाही, एवढं तरी उरतंच.

जीएसटी-हिशेब, निपाणी

मला दोन्ही बाजू अर्ध्या वाटतात. महिन्याला विवरण भरणाऱ्या दुकानदाराचं उदाहरण घ्या. विक्रीच्या विवरणाची (जीएसटीआर-१) तारीख ११, कर भरण्याच्या विवरणाची (जीएसटीआर-३बी) २०. उशीर झाला की दिवसाला ५० रुपये, शून्य विवरण असेल तर २०, शिवाय थकलेल्या करावर व्याज. या तारखा हलत नाहीत. पण मधलं काम क्रमानं चालतं, तासानं नाही. खरेदीचा जीएसटीआर-२बी (पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांचा तक्ता) तयार होतो तो १४ तारखेला. त्याआधी खरेदी जुळवत बसलात तर काम दोनदा करावं लागतं. १४ नंतर उरतात सहा दिवस, आणि ज्या पुरवठादारानं बिल दाखवलं नाही त्याला फोन करायला त्यातले निदान तीन हवेत.

म्हणून ढिल्या स्वभावाच्या हिशेबनिसानं महिन्यात चारच खुणा कराव्यात: ५ ला विक्रीची बिलं हातात, ९ ला विक्रीची नोंद पूर्ण, १५ ला न जुळलेल्या खरेदी बिलांची यादी, १८ ला कराची रक्कम दुकानदाराला कळवलेली. मधे कधीही बसा, रात्री ११ ला बसा.

एक चूक मात्र सगळे करतात. खरी तारीख २० असताना स्वतःला १६ सांगतात. स्वतःला फसवता येत नाही, मनाला २० माहीत असते. त्याऐवजी १५ तारखेला दुकानदारालाच यादी बघायला बोलवा. समोर माणूस येणार असला की ती तारीख खरी होते.

भात-काजू, खानापूर

वाफशाचा दाखला दिलाय म्हणून बोलतो. वाफसा म्हणजे मन लागेल तेव्हा काम, असा अर्थ घेऊ नका. मूठभर माती दाबली की गोळा व्हावा, आणि बोटानं टोकरला की फुटावा. चिकट राहिला तर थांबा, गोळाच झाला नाही तर उशीर झालाय. ही परीक्षा हाताची आहे, मनाची नाही. आणि काळ्या रानात ऊन पडलं की वाफसा दोन-चार दिवसांत जातो. त्या वेळी बी घरात नाही, कुरीचा (पेरायच्या अवजाराचा) दाता मोडलेला, असं असेल तर वाफसा बघून काय करणार? मोकळ्या माणसाची तयारी काटेकोर माणसापेक्षा जास्त लागते, कारण त्याची वेळ सांगून येत नाही.

आणि आमच्या खानापूर-बेळगाव भागात भाताला वाफशाची वाट बघतच नाहीत की. धूळवाफ पेरणी करतात. रोहिणी लागल्या, म्हणजे २५ मेच्या आसपास, कोरड्या धुळीत कुरीनं भात पेरून टाकायचं. पाऊस एकदा बसला की रानात पाणी उभं राहतं आणि कुरी चालत नाही. तिथं अनुकूल अवस्था येणारच नसते, म्हणून तारखेनं पेरतात. त्याचा तोटाही आहे. पहिल्या सरीनंतर उघडीप लांबली तर कोंब वाळतात आणि दुबार पेरणी बसते, आणि तण भाताबरोबरच उगवतं, म्हणून कोळपणी चुकवून चालत नाही.

तुमच्या कामांतही धूळवाफीची कामं असणार. ती ओळखा.

भाषांतर-टेबल, शहापूर

अण्णा, तुमच्या या दाखल्यानं माझ्या पद्धतीतली खरी चूक सापडली. मी सगळी कामं वाफशाची धरली होती. मी रीत बदलून लिहितो.

आधी यादीतल्या प्रत्येक कामाला एक प्रश्न विचारायचा: याला लागणारं ताजं डोकं आठवड्यात दोनदा तरी आपसूक येतं का? येत असेल तर ते वाफशाचं काम, ते खेपांच्या मोजणीत. येत नसेल तर ते धूळवाफीचं. कन्नड शब्द, पावत्यांची नोंद, थकलेल्या पैशांचे फोन, बॅकअप ही धूळवाफीची कामं. त्यांना तारीख आणि जागा ठरवायची, मन विचारायचं नाही. मात्र ती एका वेळी दोनाच्या वर नकोत आणि एकेक २० मिनिटांच्या आत हवं. तासाऐवजी प्रसंगाला बांधा. मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी मांडलेली 'जर-तर' योजना इथं कामी येते: 'सकाळचा चहाचा कप ठेवला, की शब्दांची वही उघडायची.' चहा ७ ला होवो की ९ ला, साखळी तुटत नाही. प्रसंग रोज नक्की घडणारा हवा; 'वेळ मिळाला की' हा प्रसंग नव्हे.

वाफशाच्या कामाची तयारी आदल्या रात्री: फाईल उघडून त्याच पानावर, शब्दकोश शेजारी, पहिलं वाक्य अर्धं लिहून सोडलेलं.

वाचक, संकेश्वर

एक गोष्ट राहिली. लहानपणापासून शाळेत, घरी आणि कामावर सगळीकडेच वस्तू हरवणं, मुदती चुकणं, सुरू केलेलं अर्धवट सोडणं असं चालू असेल, आणि त्यानं नोकरी किंवा संसार अडचणीत येत असेल, तर याद्या बदलत बसू नका. मानसोपचारतज्ज्ञाकडून तपासून घ्या. ते एडीएचडी असू शकतं, आणि त्यावर उपचारही आहेत.

फौंड्री प्लॅनिंग, उद्यमबाग

धूळवाफीच्या दोन कामांवर मी तुमच्याबरोबर आहे. तीन कामांच्या मर्यादेवर अजून नाही. मेंटेनन्स किंवा भाषांतरासारख्या कामात अर्धी कामं दुसऱ्याच्या उत्तरासाठी अडलेली असतात. पार्ट आला नाही, पक्षकारानं सही केली नाही. ती हातातल्या तिनांत धरलीत तर दोन दिवसांत हात मोकळे बसतील. अडलेल्यांसाठी चौथा कागद ठेवा, त्यावर तीनच रकाने: काय अडलंय, कुणाकडे, परत कधी विचारायचं. सोमवारी आणि गुरुवारी तो कागद वाचायचा. सातच्या वर ओळी गेल्या तर नवीन काम घेणं थांबवा आणि आधी फोन करा.

ब्लाऊज-फॉल-पिको, वडगाव

अडलेल्यांत मॅचिंग अस्तरही येतं, दादा. गिऱ्हाईक 'आणून देते' म्हणून जातं आणि तारीख मात्र आमची चुकते. अस्तर हातात आल्याशिवाय वहीत तारीख लिहायचीच नाही.