पहाडातल्या कारागिरांच्या दारात : नागपूरकरांनो, अनुभव लिहा

मे महिना लागला की अर्धं नागपूर हिमाचलात. या उन्हात घरी बसणार कोण! पण परत आल्यावरचे फोटो बघा : बर्फ, याक आणि मॅगी. कुंभाराचं चाक किंवा शालीचा माग कुणाच्याच फोटोत नसतो. तुम्ही तिकडच्या एखाद्या कार्यशाळेत किंवा कलादालनात रेंगाळला असाल तर इथे लिहा. काय बघितलं, काय घेतलं, काय परवडलं नाही, सगळं चालेल.

सुरुवात मीच करते. पालमपूरजवळचं आंद्रेटा. जम्मूकडे जाणाऱ्या गाडीनं पठाणकोट कँटला उतरायचं, पुढे बस. नोरा रिचर्ड्स ही आयरिश नाट्यकर्मी इथे येऊन राहिली, चित्रकार सोभासिंगही १९४७ मध्ये इथेच स्थिरावले. दिल्लीचे नावाजलेले कुंभार गुरचरणसिंग यांचा मुलगा मिनी आणि सून मेरी यांनी १९८३ मध्ये इथे मातीच्या भांड्यांचा स्टुडिओ काढला. लाल मातीचं भांडं अर्धवट वाळलं की त्यावर पांढऱ्या मातीचा पातळ घोळ चढवतात आणि रबरी फुग्याच्या टोकातून त्यावर रेघा सोडतात, अगदी मेंदीचा कोन धरावा तसं. कारागीर दादांनी एका दमात वाडग्याभोवती वेल फिरवली, आणि शेवटचं पान पहिल्या पानाला बरोबर जाऊन भिडलं. मी तोच वाडगा मागितला. ते हसले. अजून भट्टीत जायचा होता!

पाचपावलीकर : आमची आजी कोष्ट्याच्या घरची, सारी जिंदगी मागावर गेली. तिला कुल्लूला नेलं तर मनाली-बिनाली राहिलं बाजूला, ती एका विणकर बाईच्या मागासमोरच बसली. बाई शालीची पट्टी विणून राहिली होती. साध्या भागात धोटा फिरते, पण नक्षी आली की रंगीत लोकर बोटांनीच ताण्यात घालते, एकेक रंग वेगळा. आजीला हिंदी धड येत नाही, बाईला मराठी नाही, पण दोघींचं फणीवरून काहीतरी जमलं बाप्पा. पुढे बाजारात एका दुकानदारानं 'हँडमेड' म्हणून शाल दाखवली. आजीनं ती उलटी केली. नक्षीमागे सुटे धागे लोंबत होते. "हे मशीनचं व्हय," म्हणाली आणि उठली. आम्ही मग त्या बाईकडूनच घेतली. महाग पडली, पण आजीसमोर घासाघीस करायची हिंमत कुणाची?

चित्रकलेची बाई : धरमशाळेजवळ सिद्धपूरला नॉर्बुलिंगका संस्था आहे. १९८८ मध्ये तिबेटी कला टिकवायला काढलेली. थांगका म्हणजे कापडावरचं बौद्ध चित्र. त्यासाठी सुती कापड चौकटीवर ताणतात, खडू आणि सरसाचा लेप देतात, मग दगडानं घासून गुळगुळीत करतात. बुद्धाच्या आकृतीची मापं ठरलेली, आधी रेघांची जाळी आखायची. मी बघत होते तेव्हा एक मुलगा नुसते ढग रंगवत होता. माझ्या वर्गातल्या पोरांना पाचव्या मिनिटाला 'मॅडम झालं' म्हणायची सवय, त्यांना तो मुलगा दाखवायला हवा होता. रविवारी जाऊ नका, कारागीर नसतात.

लक्ष्मीनगर : चंब्याचा रुमाल! नाक पुसायचा नव्हे. पीळ न दिलेल्या रेशमाचं भरतकाम, दोन्ही बाजूंनी सारखंच, उलटी बाजू नाहीच. आधी चित्रकार कोळशानं रेखाटन करून द्यायचा, मग बायका भरायच्या. जुने नमुने चंब्याच्याच भुरीसिंग संग्रहालयात आहेत. बाजारातला किमतीमुळे मी फक्त हाताळला. गाठ शोधून शोधून दमले.

इतवारी : ताई, आंद्रेट्याची भांडी नागपूरपर्यंत धड येतात का? आमच्या सौ.ला डिनर सेटच पाहिजे.

येतात दादा. प्रत्येक भांडं वेगळं गुंडाळा, आत कागदाचे बोळे कोंबा, आणि खोकं खालच्या बर्थखाली ठेवा. सगळा सेट तयार मिळेलच असं नाही, एकसारखे सहा वाडगे हवेत तर आधी सांगून ठेवावं लागतं. जुलै-ऑगस्ट टाळा. दरडी कोसळून रस्ते बंद पडतात, शिवाय दमट हवेत कच्ची भांडी लवकर वाळत नाहीत. आपल्या मूर्तिकारांच्या चितार ओळीत गणपतीच्या तोंडावर असते ना, तीच बोंब तिकडेही.