'मोस्ट वॉन्टेड' २०१२ : समीक्षकांनी गुण दिले ते नक्की कोणत्या खेळाला?

गिअरपाडू
भाचा लॅपटॉपवर 'नीड फॉर स्पीड : मोस्ट वॉन्टेड' हा गाड्यांच्या शर्यतीचा खेळ टाकत होता. म्हणाला, "मामा, २००५चा की २०१२चा?" मी डोळे झाकून २००५ सांगितलं. नंतर सहज जुनी परीक्षणं चाळली आणि चक्रावलो. मेटाक्रिटिकवर (परीक्षणांच्या गुणांची सरासरी काढणारी साइट) दोन्ही खेळ शंभरपैकी ८०च्या आसपासच. खेळाडूंनी दिलेले गुण मात्र २०१२च्या वेळी धाडकन खाली.

माझं म्हणणं, समीक्षकांनी गाडी तेवढी पाहिली. २००५मध्ये रेझर नावाचं एक बेणं आपल्या बीएमडब्ल्यू एम३ जीटीआरमध्ये घातपात करून शर्यत जिंकतं आणि त्याच गाडीत बसून ब्लॅकलिस्टच्या, म्हणजे आपण हरवायच्या शर्यतपटूंच्या यादीच्या, टोकाला पोचतं. आपल्या वाट्याला उरते फियाट पुंटोसारखी गाडी, आणि समोर १५ जण. ही खुन्नस मला अख्खी मे महिन्याची सुट्टी पुरली. २०१२ची यादी १० जणांची, म्हणजे १० गाड्यांची. आत माणूसच नाही, मग राग कुणावर काढायचा?

सहावा_गिअर
अहो, ती गोष्ट तुम्ही तेव्हा बटण दाबून पुढे ढकलली असणार, खरं सांगा. खऱ्या नटांना घेऊन केलेले ते पिवळट प्रसंग आज बघवत नाहीत.

२०१२चा खेळ क्रायटेरियन कंपनीचा, म्हणजे 'बर्नआउट पॅराडाइज' हा शर्यतीचा खेळ करणाऱ्यांचा. फेअरहेव्हन शहर पहिल्यापासून मोकळं. बोळात लॅम्बोर्गिनी उभी दिसली की शेजारी जाऊन थांबा, बटण दाबा, बसा. टायर बदलायचेत? चालत्या गाडीतच मेनू उघडतो. आणि वळणावर ब्रेकला नुसता पाय लावला की गाडीचं बूड जे सरकतं, त्याची सर २००५ला नाही. समीक्षकांनी याला गुण दिले. नॉस्टॅल्जियाला द्यायचे होते का?

चहा_टाकून_येतो
बोळात लॅम्बोर्गिनी फुकट उभी आहे हेच तर दुखणं आहे राव! पहिल्या तासात मिळालेल्या लॅम्बोर्गिनीचं कौतुक किती वेळ टिकणार? गल्लीत पडलेल्या सायकलीइतकं. शिवाय प्रत्येक गाडीला पाच-पाच शर्यती, त्या जिंकल्या की वेगाचा झटका देणारा नायट्रो, टायर वगैरे. दुसरी गाडी घेतली की तेच पाढे पंचावन्न.

आणि २००५मधले पोलीस! आमच्या सायबर कॅफेत ताशी १५ रुपये घ्यायचे. एक जण खेळायचा, चौघं मागे उभे. पाठलाग पाचव्या हीटला (पोलीस किती पेटलेत त्याची पायरी) पोचला की शेजारच्या पीसीवरचे लोक स्वतःचा वेळ जळत ठेवून बघायला यायचे. दुकानावरचा तो भलाथोरला डोनट पाडून मागच्या गाड्या चिरडल्या की आरडाओरडा, आणि मालक "आवाज कमी" म्हणून ओरडणार. २०१२मध्ये रिपेअरच्या दुकानातून आरपार गेलं की रंग बदलतो आणि पोलीस थंड पडतात. याला सुटका म्हणायचं?

सहावा_गिअर
चौघं मागे उभे होते, ती मजा खेळाची की त्या चौघांची?

रातपाळी
वरच्या प्रश्नातच सगळं आहे, फक्त तो उलटा करून बघा. २०१२च्या खेळाचा प्राण होता ऑटोलॉग, म्हणजे मित्रांचे विक्रम ऑनलाइन आपल्या खेळात दाखवणारी सोय. स्पीड कॅमेऱ्यावर मित्राचा वेग दिसायचा, फलक तोडून सगळ्यात लांब उडी मारली की तुमचा फोटो मित्राच्या शहरातल्या त्याच फलकावर झळकायचा. तो उतरवायला तो परत यायचा, मग तुम्ही. समीक्षक खेळले तेव्हा त्यांच्या यादीत इतर समीक्षक होते, सगळे एकाच आठवड्यात तोच खेळ खेळणारे. त्यांना रेझर लागलाच नाही, शेजारच्या टेबलावर होताच.

आपण तो कसा खेळलो? कुणाकडून तरी पेन ड्राइव्हवर आणलेला, इंटरनेट बंद ठेवून. फलक कोरे आणि मित्रांची यादी रिकामी. म्हणजे अर्धा खेळ आपल्या मशीनवर उतरलाच नव्हता. परीक्षण खोटं नव्हतं, पण ते आपल्यासाठीही नव्हतं. (मी नंतर विकत घेऊन खेळलो. तोवर मित्र लग्नं करून बसले होते, यादी रिकामीच.)

गिअरपाडू
हे पटलं, पण अर्धंच. मित्र नसले की जो खेळ ओस पडतो त्याचं परीक्षण करताना तसं स्पष्ट लिहायला नको का? आणि नावाचं काय? हाच खेळ 'बर्नआउट' म्हणून आला असता तर मीही कौतुक केलं असतं. 'मोस्ट वॉन्टेड' नाव लावलं की लोक गाडी सजवायला बॉडी किट, स्पॉयलर, व्हिनाइल शोधणारच. त्यातलं काहीच नाही. वर ती एम३ जीटीआर, जिच्यासाठी आम्ही जिवाचं रान केलं, ती वेगळ्या पैशांच्या पॅकमध्ये!

सहावा_गिअर
पॅकबद्दल गप्प बसतो. त्यावर बचाव नाही. वळणांवरचं मत मात्र कायम.

चहा_टाकून_येतो
मामा, भाच्याचं काय झालं ते सांगा.

गिअरपाडू
अडकलाय १३व्या नंबरावर, विकच्या सुप्रापाशी. शर्यती झाल्यात, बाउंटी (पोलिसांच्या पाठलागात मिळणारे गुण) कमी पडतेय. काल जेवायला हाक मारली तर म्हणाला, "थांब मामा, मागे चार गाड्या आहेत." मी खुर्ची ओढून मागे बसलो. डोनट कुठे आहे ते अजून सांगितलेलं नाही.