सीताबर्डीच्या लढाईतला अरब शिपाई, ५४ एमएम - चेहऱ्याचा बटाटा होऊन राहिलाय, मदत करा

महालचा_पोट्टा
नमस्कार मंडळी. आतापर्यंत दिवाळीच्या किल्ल्यावरचे मातीचे मावळे रंगवणे एवढीच आपली झेप होती. यंदा डोक्यात घेतलं की २६ नोव्हेंबर १८१७ च्या रात्रीचा, ईस्ट इंडिया कंपनीशी लढणारा, नागपूरच्या अप्पासाहेब भोसल्यांच्या फौजेतला अरब शिपाई स्वतः घडवायचा. ५४ एमएम उंचीचा छोटा पुतळा. वायरीतली तांब्याची तार काढून सांगाडा केला, त्यावर हार्डवेअरवाल्याकडची नळ बुजवायची इपॉक्सी पुट्टी थापली आणि गाडी तिथंच अडकली. मे महिना, पुट्टी मळून हातात घेतो न घेतो तोवर तिचा दगड. चेहरा तीनदा केला, तिन्ही वेळा बटाटा. कपडे पांढरे मारले तर चुन्यात बुडवून काढल्यासारखे दिसून राहिले. हातात बंदूक दिलीये, कंपनी शिपायाच्या एका किटमधली उरलेली, आणि बेसवर सीताबर्डीच्या किल्ल्याची तटबंदी करायचा विचार आहे. बायको म्हणते कशाला डोकं खपवता, तयार घेऊन या. फोटो टाकलेत, हसू नका.

दाढदुखी
हसलो नाही भाऊ, बटाटा ओळखीचा वाटला. माझे पहिले सात-आठ असेच होते, अजून क्लिनिकच्या ड्रॉवरमध्ये आहेत.

सगळं एका बैठकीत करून राहिले ना तुम्ही? पागोट्यावर तुमच्या अंगठ्याचा ठसा दिसतोय, म्हणजे खालचं ओलं असतानाच वर काम चालू होतं. असं नाही जमत. पहिल्या दिवशी तारेवर पातळ थर द्या, हाडं समजा, आणि सोडून द्या. तो कडक झाला की उघडं अंग घडवा, म्हणजे छाती, मांड्या, गुडघे, मग परत वाळू द्या. कपडे त्यानंतर. आत गुडघा असला तरच वरच्या कापडाला चुणी कुठून पडते ते समजतं, नाहीतर चुण्या अंदाजाने ओढल्या जातात आणि माणूस गादीत गुंडाळल्यासारखा दिसतो. तुमचा थोडा तसा दिसतोय, राग मानू नका.

डोकं वेगळं करा, टाचणीवर. ५४ एमएमच्या माणसाचं डोकं साधारण ७ एमएम, वाटाण्याएवढं, ते धडावर ठेवून कोणालाच करता येत नाही. आधी अंडं, त्यात डोळ्यांचे दोन खड्डे दाबा आणि झोपा. दुसऱ्या दिवशी नाक, भुवईचं हाड, गालाची हाडं, प्रत्येकाला मोहरीएवढी गोळी. पापण्या तिसऱ्या दिवशी. दाढी असली तर हनुवटी लपते, अरब निवडला हे त्या बाबतीत बरं केलं 😀

पुट्टी बदला. नळाची पुट्टी बारीक कामाला जाड पडते. ग्रीन स्टफ आणि मिलिपुट या दोन पुट्ट्या निम्मी-निम्मी मळून पाहा, एकाचा चिवटपणा येतो आणि दुसरीमुळे वाळल्यावर घासता येतं. दोन्ही ऑनलाइन मिळतात, महाग आहेत पण एक पाकीट वर्षभर पुरतं. मिसळायची ती हरभऱ्याएवढीच, आणि मिसळलेली उरली तर घट्ट डबीत घालून फ्रीजमध्ये, थंडीत ती हळू सेट होते. उलट लवकर कडक करायची असली तर परदेशातले लोक बल्बखाली ठेवतात, आपल्याला गच्ची आहेच. ओल्या पुट्टीला हातमोजे घाला, काहींना तिची ॲलर्जी बसते, आणि घासताना मास्क. हत्यारं विकत घेऊ नका. डेंटिस्टकडे मेण कोरायचे वॅक्स कार्व्हर आणि टोक गेलेले प्रोब पडलेले असतात, मागितले की मिळतात. माझ्याकडचे घेऊन जा, धरमपेठेत कधीही या.

चितारओळ_कर
रंगाचं मी सांगतो, आमच्या घरी तीन पिढ्या गणपती आणि तान्ह्या पोळ्याचे नंदी रंगवतात.

पांढऱ्याची सुरुवात पांढऱ्याने करायचीच नाही. कळकट खाकी-राखाडी घ्या, चहा सांडलेल्या धोतराचा असतो तसा, तो सगळीकडे. मग त्यात थोडं थोडं पांढरं वाढवत वर वर या. निव्वळ पांढरा शेवटी, खांद्यावर आणि पागोट्याच्या वरच्या पिळावर, तेवढाच. चुणीच्या खोलीत काळा नको, तपकिरीत जरा निळा टाका.

डोळ्यांचं गणपतीपेक्षा उलटं आहे. मूर्तीच्या डोळ्यांची आखणी आम्ही सगळ्यात शेवटी करतो, इथं डोळे आधी. बिघडले तर फक्त चेहरा पुसावा लागतो, पूर्ण माणूस नाही. बुबुळाभोवती पांढराफेक ठेवला की भूत दिसल्यासारखा चेहरा होतो, मळकट पांढरा घ्या, वरच्या पापणीला गडद तपकिरी रेघ, खालच्या पापणीला काही नाही केलं तरी चालतं. कातडीच्या सावलीत लालसर तपकिरी, उजेडात पिवळी माती, पांढरा नकोच. आणि तीन शून्याचा, अगदी बारीक ब्रश फेकून द्या, त्याच्यातला रंग टोकाशी येईतो वाळतो. १ नंबरचा, टोक शाबूत असलेला घ्या.

आता नागपूरचं म्हणून सांगतो. मे महिन्यात कोरड्या पॅलेटवर ॲक्रिलिक दोन मिनिटं टिकत नाही. डब्याचं झाकण घ्या, त्यात ओला स्पंज आणि वर बटर पेपर, झाली वेट पॅलेट. कूलरसमोर बसून वार्निशचा स्प्रे मात्र मारू नका बाप्पा!! त्या दमट हवेने मॅट वार्निशवर पांढरी धुरी धरते, माझा एक अख्खा घोडेस्वार असा गेला, रात्री एक वाजता, आणि सकाळी ऑर्डर द्यायची होती. पावसाळ्यातही तेच.

जुनी_शुक्रवारी
बंदूक काढा आधी. कंपनीच्या शिपायाची ती चकमकीची, घोड्यात गारगोटी असते. अरबांकडे तोडेदार, म्हणजे जळता तोडा लावून उडवायची, लांब नळी आणि बारीक दस्ता. कमरेला जंबिया, म्हणजे वाकडी कट्यार, तो पोटासमोर. तोड्याचं टोक नारिंगी ठेवलं की रात्रीचा सीन आपोआप होतो, काहून सोडता.

तटबंदीही काढा. तेव्हा तिथं रेसिडेन्सीजवळच्या, म्हणजे कंपनीच्या वकिलाच्या ठाण्याजवळच्या दोन टेकड्या होत्या, एक मोठी एक धाकटी, त्यांवर कंपनीची पलटण तोफा घेऊन बसलेली. आज दिसतं ते बरंचसं बांधकाम नंतरचं, इंग्रजी अमलातलं. बेसला काळा दगड, थोडा मुरूम आणि नोव्हेंबरचं वाळत आलेलं गवत, एवढंच पुरे. दगड बघायचा असेल तर किल्ला २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्टला लोकांना खुला असतो, १ मे तर गेला. हत्यारांसाठी अजब बंगल्यातलं, म्हणजे नागपूरच्या संग्रहालयातलं शस्त्रांचं दालन बघून या.

आणि रात्रच का? २७ च्या सकाळी अरबांनी धाकटी टेकडी घेतली होती, तिथली तोफ मोठीकडे वळवली होती. दुपारपर्यंत हातची गेली, पण तो क्षण जास्त चांगला आहे. लढाईनंतरही ते तुमच्याच महाल भागात डिसेंबरअखेरपर्यंत अडून बसले होते, घरचाच विषय म्हणा ना.

महालचा_पोट्टा
बंदूक काढली, तट फोडला. सकाळचा सीन करतो पण तोडा जळता ठेवणार, तेवढा हट्ट राहू द्या. डोकं टाचणीवर आज दुसऱ्या दिवसाला आहे, नाक आलंय, चितारओळवाल्या भाऊंना फोटो टाकतो. डॉक्टरसाहेब, शनिवारी येतो कार्व्हर घ्यायला. फ्रीजमधल्या डबीवर 'खायचं नाही' असं लिहिलंय, तरी आई विचारून गेली की पुदिन्याची चटणी कधी केली.

दाढदुखी
शनिवारी पाचनंतर या, आधी पेशंट असतात. डोकं पण आणा, टाचणीसकट.